पेढे वाटून झाल्यावर आलेला मेल

‘‘वशिला नाही म्हणून काढलं की पोरीला,’’ सल्ला घ्यायला आलेले मामा खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले. भाची बाजूला, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, मान खाली. आई दाराजवळच उभी. विड्यांचा माल कारखान्यात देऊन ती परस्पर आली होती, परत जायची घाई चेहऱ्यावर दिसत होती.

प्रकरण एवढंच. मुलगी सोलापूरची, बावीस वर्षांची, कर्नाटकातल्या कलबुर्गीच्या एका कॉलेजातून बी.एस्सी. नर्सिंग पास. डिसेंबरात पुण्यातल्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलची स्टाफ नर्स म्हणून ऑफर आली. १ फेब्रुवारीला रुजू व्हायचं. गल्लीत पेढे वाटले, पुण्यात हॉस्टेलला सहा हजार डिपॉझिट भरलं, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलं. २७ जानेवारीला दोन ओळींचा मेल आला: अंतर्गत कारणास्तव आपली ऑफर मागे घेण्यात येत आहे. तेव्हापासून मुलीनं आपला फोन बंद ठेवला. गड्ड्याच्या जत्रेला मैत्रिणी बोलवायला आल्या तर ‘ती गेली पुण्याला’ असं आईनं सांगून टाकलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील इथे बदलले आहेत.)

नुकत्याच पास झालेल्या नर्सेसच्या बाबतीत ही तक्रार नवी नाही. प्रश्नही तोच असतो: माझ्यात काय कमी होतं? घरात प्रत्येकाकडे त्याचं तयार उत्तर असतं. मामांच्या मते वशिला. वडील यंत्रमागावर, त्यांच्या मते ‘मुलाखतीत उलट बोलली असेल’. मुलीच्या मते तिचं इंग्रजी. तिघांनी तीन कारणं ठरवली होती, पण हॉस्पिटलला विचारलं कुणीच नव्हतं.

पहिल्या बैठकीत धीर देण्यापेक्षा कागद मागणं बरं. रडू आलं तर येऊ द्यावं, पण टेबल मोकळं ठेवावं. तिनं पिशवीतून फाईल काढली. ऑफर लेटर दोन पानांचं. पहिल्या पानावर पद, पगार, तारीख. घरातल्या सगळ्यांनी तेवढंच वाचलं होतं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात अटी: वैद्यकीय तपासणी, मूळ कागदपत्रांची पडताळणी, आणि ‘महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र २० जानेवारीपूर्वी सादर करणे’.

‘‘हे दिलं होतं का?’’

‘‘अर्जाची पावती दिली होती.’’

गाठ इथेच होती. अर्जाची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. रुग्णाला इंजेक्शन देणाऱ्या माणसाचा नंबर राज्याच्या नोंदवहीत असावा लागतो. तपासणीला माणसं आली की हॉस्पिटलला ती यादी दाखवावी लागते, आणि तिथे पावती चालत नाही. तरीही अंदाजावर थांबायचं नाही, कारण लेखी मागायचं. त्याच दिवशी बसून मेल लिहिला. इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा: ‘आपला २७ तारखेचा मेल मिळाला. ऑफर मी अमुक तारखेला लेखी स्वीकारली होती. मागे घेण्याचं नेमकं कारण कृपया कळवावं. कागदपत्रांतली त्रुटी असेल तर ती दूर केल्यावर माझा पुन्हा विचार होईल का, तेही कळवावं.’ संपला. वडिलांचं आजारपण, कर्ज, ‘मी फार आशेवर होते’ यातलं एकही वाक्य त्यात नाही. मुलीला ते कोरडं वाटलं. पण एचआरमध्ये बसलेल्या माणसाला दोन प्रश्नांची उत्तरं देणं सोपं जातं, दुःखाला काय उत्तर द्यावं ते त्याला कळत नाही आणि मेल पडून राहतो. मेल एचआरला पाठवला, प्रत नर्सिंग सुपरिंटेंडेंटना, म्हणजे मेट्रनना. ही प्रत विसरू नये. ऑफर एचआर काढतं, पण वॉर्डात माणूस हवं की नको ते मेट्रनला माहीत असतं.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. नोंदणी मुदतीत न मिळाल्यानं त्या बॅचमधली जागा भरली. नोंदणी क्रमांक मिळाल्यावर पुन्हा अर्ज करता येईल. मुलाखतीचा किंवा इंग्रजीचा उल्लेखही नव्हता. मुलीनं तो मेल तीनदा वाचला, मग आईला तेलुगूत समजावून सांगितला.

आता नोंदणी का अडली. सोलापूरकरांना हे नीट माहीत असायला हवं, कारण इथली कितीतरी मुलं कलबुर्गी, विजयपूर भागात शिकतात. कर्नाटकात बी.एस्सी. नर्सिंग केलं की पदवी बहुतेक वेळा राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, आणि पहिली नोंदणी कर्नाटकच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये. ती झाल्यावर महाराष्ट्रात काम करायचं तर तिथून ना-हरकत आणि पडताळणी, मग महाराष्ट्र कौन्सिलमध्ये नोंदणी. महाराष्ट्रातच शिकलेल्या मुलीला एक पायरी चढावी लागते, हिला दोन. पडताळणी एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलकडे जाते, आपण मध्ये उभं राहून घाई करू शकत नाही. म्हणून रुजू व्हायची तारीख ठरवताना निकालापासून दिवस मोजायचे नाहीत, ना-हरकत निघाल्यापासून मोजायचे. हिनं निकालापासून मोजले होते.

शिवाय आणखी एक अडचण निघाली. दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, चार वर्षांच्या गुणपत्रिका आणि आधार टेबलावर ओळीनं मांडले. दहावीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर नाव आधी आणि वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. एवढ्यानं सहसा अडत नाही. पण आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दहावीवर शेवटी एक ‘ए’ होता आणि विद्यापीठाच्या कागदांवर दोन. कॉलेजच्या कारकुनानं पहिल्या वर्षाच्या फॉर्मवर जे लिहिलं तेच चार वर्षं पुढे छापत गेलं. संगणकाच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या मुली.

मामा म्हणाले, ‘‘गॅझेट करून टाकू.’’ थांबवावं लागलं. गॅझेट, म्हणजे राजपत्रातली जाहिरात, नाव बदललं तर. इथे नाव बदललेलं नाही, चुकून छापलं गेलंय. चूक ज्यानं केली त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायची. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, दहावीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडून विद्यापीठाकडे दुरुस्तीचा अर्ज. पदवी प्रमाणपत्र छापायच्या आधी हे झालं तर सोपं, छापल्यावर वेळ आणि पैसे दोन्ही जास्त जातात. घाईत गॅझेट केलं असतं तर तिसरंच नाव तयार झालं असतं आणि पुढची प्रत्येक नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे तीन नावांचा खुलासा करत बसावं लागलं असतं. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलींनी आजच सगळे कागद असे ओळीनं मांडून एकेक अक्षर बोटानं तपासावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

मागे घेतलेल्या प्रत्येक ऑफरचं कारण नोंदणीच असतं असं नाही. नवा मजला सुरू होणार म्हणून भरती होते आणि मजला लांबतो. काही मुली येणारच नाहीत हे धरून हॉस्पिटलं जागांपेक्षा जास्त पत्रं देतात, आणि सगळ्याच आल्या की शेवटच्यांना नकार. कधी वैद्यकीय तपासणीत काही निघतं. तेव्हा रिपोर्टची प्रत मागून घ्यावी आणि आपल्या डॉक्टरांना दाखवावी. एचआयव्हीच्या कारणावरून सरसकट नोकरी नाकारणं २०१७ च्या कायद्यानं बंद आहे. आणि पत्रासोबत ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ किंवा मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची भाषा असेल, तर ऑफर गेली ते बरंच झालं.

मामांना कोर्टात जायचं होतं. कायद्याचं साधं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे आपण स्वीकार कळवण्याआधी ऑफर मागे घेता येते, कळवल्यावर करार होतो. पण पत्रात अट असेल आणि ती आपल्याकडून पुरी झाली नसेल, तर बाजू लंगडी. अट पुरी करूनही काढलं असतं तर झालेला खर्च मागायला जागा होती. तरी शंका राहू नये म्हणून जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगितलं. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्न विचारत नाहीत. तिथल्या वकिलांनी हेच सांगितल्यावर मामा गप्प झाले. हॉस्टेलवाल्या बाईंना मात्र मुलीनं स्वतः फोन केला. एक महिन्याचं भाडं कापून बाकीचं परत आलं. तेवढं झाल्यावर तिनं आपला फोन चालू ठेवला.

तोवर करायचं काय, हा खरा प्रश्न. सोलापुरात रेल्वे लाइन्स, सात रस्ता, होटगी रोड, कुठेही विचारा, नोंदणी नसलेल्या मुलीला ‘असिस्टंट’ म्हणून ठेवणारं नर्सिंग होम सापडेल. कागदावर असिस्टंट, रात्री मात्र पूर्ण वॉर्ड एकटीवर. चुकीचं औषध गेलं तर तिच्या मागे ना नोंदणी ना नेमणूकपत्र. आणि जाहिरातीत ‘नोंदणीनंतरचा अनुभव’ असं असलं की ते महिने मोजलेच जात नाहीत. अशा ठिकाणी जाऊ नये असंच आमचं मत आहे, घरी पैशाची ओढ असली तरी. आईनं नापसंतीनं पाहिलं. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला ‘थांबा’ म्हणणं सोपं नाही, आणि तिचं पाहणंही चूक नव्हतं.

पण हिच्याकडे एक कागद असा होता, ज्याचा कुणी विचार केला नव्हता: कर्नाटकची नोंदणी. महाराष्ट्रात ती पुरत नाही, कर्नाटकात पुरते. कलबुर्गीत ती चार वर्षं राहिली होती, वॉर्डातल्या सिस्टर ओळखीच्या, कन्नड येत होतं. तिथे ती रीतसर स्टाफ नर्स म्हणून लागू शकत होती. पगार पुण्यापेक्षा कमी, पण नेमणूकपत्रासह, आणि अनुभव पहिल्या दिवसापासून मोजला जाणारा. एम्सच्या नॉरसेट या नर्स भरतीच्या परीक्षेलाही कोणत्याही राज्याच्या कौन्सिलची नोंदणी चालते. बी.एस्सी.वाल्यांना अनुभवाची अट नाही, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांना किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. हे ऐकून तिनं पहिल्यांदा मान वर करून विचारलं, ‘‘म्हणजे फॉर्म भरू शकते मी?’’

मुलाखतीची भीती उरलीच होती. इंग्रजीचा धसका घालवायला तिला इंग्रजी बोलायला लावण्याऐवजी एक गणित दिलं. पाचशे मि.ली. सलाईन, आठ तासांत, वीस थेंबांचा सेट (एका मि.ली.ला वीस थेंब), मिनिटाला किती थेंब? तिनं ६२.५ असं उत्तर काढलं. मायक्रो सेटचे साठ थेंब धरले होते. पुन्हा: ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे २०.८, एकवीस थेंब. मग घड्याळ समोर ठेवून मिनिटाला एकवीस टक टक टेबलावर वाजवून दाखवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला जमलं. मुलाखतीत मेट्रन हेच पाहतात. वाक्य अडखळलं तर चालतं, सेट कोणता ते न विचारता उत्तर दिलं तर नाही. रोज अशी दहा गणितं, ही तिची एकमेव गृहपाठाची वही.

आणि लोकांचं काय? ‘गेली पुण्याला’ हे खोटं फार दिवस टिकणार नव्हतं. आईला एक वाक्य ठरवून दिलं: ‘‘महाराष्ट्राचा नंबर यायचाय, तोवर कलबुर्गीला ड्युटी करतेय.’’ खरं आहे, पुढच्या प्रश्नाला जागा ठेवत नाही. पेढे परत मागायला कुणी येत नाही, असंही आईला सांगितलं. तिथे ती थोडी हसली.

या मुलीची झोप आठवड्याभरात परत आली. ज्यांची दोन आठवडे येत नाही, जेवण सुटतं, किंवा ‘जगून काय करू’ असे शब्द तोंडी येतात, त्यांच्या बाबतीत मेल लिहिणं बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञ. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्याची मोफत लाइन दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं.

नाव दुरुस्त व्हायला आणि दोन कौन्सिलांचा प्रवास व्हायला ऑगस्ट उजाडला. मधल्या काळात ती कलबुर्गीत सर्जिकल वॉर्डात होती, सुट्टीला गाडीनं घरी. महाराष्ट्राचा क्रमांक आल्यावर तिनं पुण्याच्या त्याच हॉस्पिटलला जुन्या मेलच्या खालीच उत्तर पाठवलं, क्रमांक जोडून. मुलाखत पुन्हा झाली, पत्र पुन्हा आलं. या वेळी तिनं आधी दुसरं पान वाचलं आणि स्वीकाराच्या मेलमध्ये एक ओळ घातली: रुजू होण्याआधी माझ्याकडून आणखी कोणता कागद बाकी आहे का?

होता. हेपॅटायटिस बी लसीच्या तीन डोसांची नोंद. पहिले दोन दुसऱ्या वर्षाला कॉलेजात झाले होते, तिसरा राहूनच गेला होता. सगळं पहिल्यापासून घ्यावं लागत नाही, राहिलेला डोस तेवढा घ्यायचा. तो तिनं दुसऱ्याच दिवशी घेतला आणि कार्डावर तारखेसह शिक्का मारून मागितला.