पोदेर येईपर्यंत बसायचं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की सकाळी ध्यानाला बसताना मी घड्याळ लावत नाही, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा पों-पों वाड्यावर ऐकू आला की उठते. त्यावर एवढी पत्रं आली की आता हे अख्खं पान त्यालाच द्यावं लागतंय. आधीच सांगते, मी कोणी आचार्य नाही हां. फोंड्यात शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले, विपश्यनेची दहा दिवसांची तीन शिबिरं केली आणि बाकी सगळं घरच्या मागच्या पडवीत, मांजर मांडीवर येऊन बसतं त्या परिस्थितीत.

ताई, गेल्या वर्षी इगतपुरीला शिबिर करून आले. तिथं श्वास नाकाखाली इतका स्पष्ट कळायचा की काय सांगू. घरी आल्यावर महिनाभर रोज तास तास बसले, मग अर्धा तास, आता दहा मिनिटं आणि त्यातली सात मी पेंगते. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा सरळ झोप. कुठं चुकतंय? – एक गृहिणी, डिचोली

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, पण त्यांना सांगू नका. इगतपुरीला पहाटे ४ ला घंटा व्हायची खरी, पण रात्री साडेनऊला दिवे बंद, संध्याकाळी फळं-चुरमुरे नि चहा, मोबाईल ऑफिसात जमा आणि दहा दिवस स्वयंपाक दुसऱ्याचा. इथं तुम्ही भांडी आवरून, सीरियल बघून, मग जरा फोन म्हणत म्हणत साडेअकरा करता आणि पाचला उठून बसता, मग झोपेची उधारी आसनावर वसूल होणारच ना. आधी रात्रीचा एक तास परत मिळवा, मग ध्यानाचं बघू.

आणि पेंगण्याची लाज बाळगू नका, मोग्गल्लान पेंगायचा. बुद्धाचा पट्टशिष्य, ऋद्धीत, म्हणजे सिद्धींत, सगळ्यात पुढे, तो मगधातल्या एका गावात बसल्या बसल्या डुलक्या घेत होता, तेव्हा बुद्धानं त्याला जे उपाय सांगितले ते अंगुत्तर निकाय ह्या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात आहेत आणि मला भारी आवडतात कारण त्यात काहीच गूढ नाही. ज्या विचारानं झोप येते तो सोड, नाही जमलं तर ऐकलेला धर्म मनात घोळव, मोठ्यानं म्हण, कान ओढ आणि हातपाय चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव आणि आकाशातल्या ताऱ्यांकडे बघ, उजेडाची कल्पना कर, येरझाऱ्या घाल, आणि एवढं करूनही झोप गेली नाही तर उजव्या कुशीवर झोप बाबा, फक्त उठायचं ठरवून झोप. कान ओढणं मी करते. घरातले हसतात, हसू देत.

राहिलं ते 'तिथं स्पष्ट कळायचं'. ते सोडून द्या. तिथला श्वास तिथं राहिला, आज जो येतोय तो जाडाभरडा, सर्दीनं चोंदलेला असेल तर तोच आजचा. तुमच्या डिचोलीजवळ लामगावला जांभ्या दगडात खोदलेली लेणी आहेत, काही अभ्यासक ती मुळात बौद्ध मानतात, मी एकदा मोठ्या भक्तिभावानं तिथं जाऊन बसले. पंधरा मिनिटांत मच्छरांनी उठवलं. जागेत काय नाय ओ.

माझे मिस्टर बँकेत आहेत, वय ५२. दोन शिबिरं झाल्यापासून सकाळ-संध्याकाळ तासभर दार लावून बसतात, ते ठीक, पण बाहेर आले तरी बाहेर नसतात. गॅस संपला म्हटलं तर 'अनिच्च'. माझी आई आयसीयूत होती तेव्हा मी रडत होते तर म्हणाले सगळं अनित्य आहे, समता ठेव. चवथीला गणपतीवरची माटोळी (फळं-पानांची आरास) बांधायला आले नाहीत. मी ह्याला अध्यात्म म्हणू की माणूस हरवला म्हणू? – म्हापसा

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, पहिल्यांदा गॅसवर हसले आणि मग आयसीयूवर थांबले.

तुमचे मिस्टर वाईट नाहीत, नवीन आहेत. नवीन चष्मा लागला की माणूस घरभर सगळ्या पाट्या वाचत सुटतो, तसं. पण ते ज्याला समता म्हणतायत ती समता नाहीये. पाचव्या शतकात बुद्धघोषानं लिहिलेल्या विसुद्धिमग्ग ह्या पाली ग्रंथात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा ह्या चार गुणांतल्या प्रत्येकाचा एक लांबचा शत्रू आणि एक जवळचा शत्रू सांगितलाय. लांबचा ओळखू येतो, जसा मैत्रीचा शत्रू द्वेष. जवळचा मात्र त्या गुणासारखाच दिसतो, त्याच्याच कपड्यात येतो. उपेक्षेचा, म्हणजे आपण समता म्हणतो तिचा, जवळचा शत्रू कोण, तर अज्ञानातून आलेली बेफिकिरी. बायको रडतेय आणि मला काही होत नाही, ही बेफिकिरी. बायको रडतेय, मलाही आत तुटतंय, ते तुटणं मी बघतोय आणि तिचा हात धरून बसलोय, ही समता. बाहेरून पहिलीच जास्त शांत दिसते, हीच तर गोम आहे.

ह्या विसुद्धिमग्गाच्या संपादनावर ज्यांनी हार्वर्डसाठी मेहनत घेतली ते धर्मानंद कोसंबी आपल्या साखवाळचे. १८९९ साली बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले, बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक मागे ठेवून. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत सिलोनला पोचले, तिथं श्रामणेर, म्हणजे नवशिके भिक्षू, झाले, पुढं ब्रह्मदेश. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र मी विशीत वाचलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती, वाटायचं आपणही निघावं. पन्नाशीत परत वाचलं तर पानापानावर बाळाबाई दिसायला लागल्या, ज्यांच्याबद्दल पुस्तकात फार नाही. कोसंबी नंतर परत आले, १९०७ साली मुलगा दामोदर झाला, तोच पुढं मोठा गणिती आणि इतिहासकार. मी कोसंबींना दोष देत नाही, ते गेले नसते तर मराठीत पाली कुणी आणलं असतं. पण ते निदान खरोखर गेले. घरात राहून, तीन वेळा जेवून, गेल्यासारखं वागायचं हे त्यांनी केलं नाही.

आता माझी फजिती सांगते म्हणजे तुमच्या मिस्टरांना एकट्याला लागायला नको. पहिल्या शिबिरातून आले ते डोक्यात अधिष्ठान घेऊन, म्हणजे एक तास हात, पाय, डोळे काही हलवायचं नाही. मुलाची बारावीची परीक्षा चालू होती. तो दार वाजवतोय, आई हॉल तिकीट कुठाय, आई बस जाईल, आणि मी आत डोळे मिटून संवेदना बघत बसलेय, अधिष्ठान मोडायचं नाही म्हणून. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला गाडीवरून सोडलं, तिकिटाशिवाय. तासानं उठले तर तिकीट माझ्याच पर्समध्ये! मी घामाघूम होऊन रिक्षानं सेंटरवर पोचवलं. मुलगा आता चाळिशीला आला, अजून दर चवथीला पाहुण्यांसमोर ते सांगतो.

मिस्टरांना भाषण देऊ नका, त्यांच्याच दुकानातला माल दाखवा. दीघ निकाय ह्या दुसऱ्या संग्रहात सिगालोवाद सुत्त, म्हणजे बुद्धाचा उपदेश, आहे, संसारी माणसासाठी. नवऱ्यानं बायकोशी कसं वागावं ह्याच्या पाच गोष्टी त्यात आहेत: मान द्यावा, अपमान करू नये, दुसरीकडे जाऊ नये, घरचा कारभार तिच्या हातात द्यावा, आणि पाचवी, दागिने द्यावेत. खरंच आहे, मी बनवून सांगत नाहीये. पुढच्या वेळी 'अनिच्च' आलं की शांतपणे पाचवी गोष्ट विचारा. आणि यंदा माटोळीला शिडी धरायला त्यांनाच उभं करा, शिडी धरणाऱ्याला लक्ष इकडेतिकडे करून चालत नाही. आईच्या वेळचं मात्र त्यांना एकदा बसवून सांगा, न हसता. ते मनात ठेवू नका.

मी वेर्ण्याला कंपनीत शिफ्टला आहे, वय २६. सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडतो. रूमवर येऊन अॅपवर ध्यान लावतो तर डोक्यात तोच, मी त्याला काय काय बोलायला हवं होतं ते. श्वास गेला उडत. – एक वाचक

अरे, शिफ्ट करून आलेल्या शरीराला लगेच मांडी घालून बसवतोस आणि वर शांत हो म्हणतोस, ते कसं होईल. वितक्कसण्ठान सुत्तात सतावणाऱ्या विचारांवर पाच उपाय आहेत. पहिला सुताराचा, बारीक खुंटीनं मोठी खुंटी ठोकून बाहेर काढायची, म्हणजे त्या जागी दुसरा चांगला विचार. तो तुला आत्ता जमणार नाही असं मला वाटतं, राग ताजा आहे. चौथा जमेल. एक माणूस घाईघाईनं चाललाय, त्याला वाटतं मी एवढा पळतोय कशाला, सावकाश चालतो. मग वाटतं चालतोय तरी कशाला, उभा राहतो. मग बसतो, मग आडवा होतो. विचाराला असं गिअर खाली आणत आणत आणायचं. तू बसमधून उतरल्यावर रूमपर्यंत जे चालतोस ना, तेच तुझं ध्यान समज. आधी जसा चालतोस तसाच, रागात, पाय आपटत, फक्त पाय आपटतायत हे कळू दे. मग थोडं हळू. गेटशी एक मिनिट उभा राहा. आंघोळ कर, जेव, झोप. बसायचं उठल्यावर.

आणि एक, ध्यान करून सुपरवायझरचं ओरडणं सहन करायची ताकद वाढवायची हा काही हेतू नाही. राग खाली बसला की दोन वाक्यं लिहून काढ आणि एचआरकडे जा, नाहीतर युनियनकडे. रागात लिहू नकोस, तारीख विसरतोस.

बसल्यावर छाती धडधडते, आपण आपल्यात नाही असं वाटतं, तीन रात्री झोप नाही. ऑनलाइन ग्रुपवर म्हणतात मनात साठलेले जुने संस्कार वर येतायत, सोडू नकोस. – मडगाव

सोड. आजच. डोळे मिटून बसणं पूर्ण बंद कर, आईजवळ झोप, पोटभर जेव, उघड्या डोळ्यांनी चाल, आणि डॉक्टरकडे जा. बांबोळीला सरकारी मनोविकार रुग्णालय आहे, तिथं जायला कमीपणा नाही, आणि रात्री-बेरात्री भीती वाटली तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. शिबिराच्या फॉर्मवर मानसिक त्रासाबद्दल विचारतात ते उगाच नाही. ग्रुपवरच्या लोकांनी तुला बघितलेलं नाही. संस्कार वगैरे नंतर, झोप आधी.

ध्यान करायचं तर नुस्तें (मासे) सोडावं का? घरात रोजचं हुमण-शीत (माशाची आमटी-भात). – वास्को

हा प्रश्न गोव्यातच येणार! सरळ उत्तर, बुद्धानं भिक्षूंनासुद्धा मांस-मासे सरसकट बंद केले नव्हते. देवदत्त ह्या त्यांच्यातल्याच एका भिक्षूनं तशी मागणी केली होती, ती नाकारली. जीवक सुत्तात नियम आहे की तो प्राणी तुझ्यासाठी मारलेला तू पाहिला नाहीस, ऐकला नाहीस, तसा संशयही नाही, तर चालेल. कोसंबींनी 'भगवान बुद्ध' पुस्तकात मांसाहारावर स्पष्ट लिहिलं आणि त्यावरून पुष्कळ ओरड झाली. शिबिरात शाकाहारी जेवण असतं, तेवढे दहा दिवस काही कुणी मरत नाही.

पण बाजारात 'हे माझ्यासाठी मारलेलं नाही' म्हणणं जरा सोयीचंच आहे, हे मला कळतं. मी काय केलं सांगते. जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, घरी आणून, दोरी सोडून, कढत पाण्यात टाकायच्या, हे माझे हात पूर्वी सराईतपणे करायचे. एकदा झाकणावर आतून टकटक आली, ती त्याआधीही येत असणार, त्या दिवशी ऐकू आली. त्यानंतर कुर्ल्या आणल्या नाहीत. बांगडा खाते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदीत सुक्या मासळीच्या किसमूरवर भागवते. हे तर्काला धरून नाही, गणिताच्या बाईला तर अजिबात शोभत नाही, पण जिथं ऐकू आलं तिथं थांबले एवढंच. तुम्हाला कुठं ऐकू येतं ते तुम्ही बघा, आणि बायकोला न विचारता घरभर शाकाहार जाहीर करू नका. वर म्हापश्याच्या बाईंचं पत्र वाचा.

ऑनलाइन ध्यानाचं कुशन तीन हजारांना आहे. घेऊ का? – साखळी

नको. जुनी गोधडी चौपदरी करून घाला, बूड वर आणि गुडघे खाली आले की झालं. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, मी साठीनंतर खुर्चीवरच बसते, पाठ टेकत नाही एवढंच. गोधडीला पावसाळ्यात ऊन मिळालं की लगेच दाखवत जा, नाहीतर बुरशी धरते. माझी गेल्या जुलैत धरली, आणि मी दोन दिवस तो वास कसला म्हणून संवेदना बघत बसले होते.