आमदारांचा तक्ता करताय? 2004 आणि 2009 एका रांगेत मांडू नका

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भागातल्या माजी आमदारांच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी त्यांच्या निवडणुकांचा तक्ता करताय. मतदारसंघाचं नाव तेच, पण 2004 ची मतं आणि 2009 ची मतं शेजारी ठेवली की काहीच जुळत नाही. अगदी हाच तक्ता, याच दोन वर्षांचा, मी एका अंकात छापून बसले होते. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सांगते, मी राज्यशास्त्राची अभ्यासक नाही. अप्पा बळवंत चौकाजवळ अक्षरजुळणीचं काम करते, गौरव अंक आणि स्मरणिका बऱ्याच केल्यात. आकडे कुठून उतरवायचे ते तुम्हाला ठाऊक दिसतंय, त्यात शिरत नाही.

गाठ बसलीय ती 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत, म्हणजे हद्दी नव्याने आखल्या त्यात. 1978 पासून 2004 पर्यंत सगळ्या निवडणुका 1971 च्या जनगणनेवर आखलेल्या हद्दींवर झाल्या. 2009 पासून 2001 च्या जनगणनेवरच्या हद्दी लागू झाल्या. राज्यात जागा 288 च राहिल्या, पण पुण्यात भवानी पेठ आणि बोपोडी हे मतदारसंघ गेले आणि कोथरूड, वडगाव शेरी, खडकवासला नव्याने आले. पर्वती 2004 पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता, तो खुला झाला आणि आरक्षण पुणे कँटोन्मेंट मतदारसंघाला गेलं. रमेश बागवे 2004 ला पर्वतीतून आणि 2009 ला कँटोन्मेंटमधून निवडून आलेले दिसतात, ते या बदलाशी जोडून वाचा. नुसत्या आकड्यांत हे कुठेच दिसत नाही.

हद्दी बदलल्या असाव्यात ही शंका मला अंक करतानाच आली होती. म्हणून एका सरकारी कार्यालयात चार चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा लेटरहेडवर अर्ज आणा, तिसऱ्यांदा अर्जावर आवक क्रमांक नाही. चौथ्यांदा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "नाव तेच आहे ना? मग मतदारसंघही तोच." मी ते खरं धरलं. छपाईची तारीख डोक्यावर होती, हे कारण मी स्वतःला आजही देत नाही. पुनर्रचनेचा मूळ आदेश उघडून बघायला एक संध्याकाळ पुरली असती.

तक्त्याखाली मी ओळ टाकली: "2009 मध्ये जुन्या पेठांनी पाठ फिरवली." अंक छापून आला. प्रकाशनाच्या आदल्या दिवशी, ज्या माजी आमदारांचा तो अंक होता त्यांचे एक जुने कार्यकर्ते गठ्ठा न्यायला आले. उभ्याउभ्याच चाळत होते. त्या पानावर थांबले, ओळीवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, आमची पेठ 2009 ला ह्या मतदारसंघात नव्हतीच. आम्ही मत देणार कसं?" ज्या माणसाने तीस वर्षं दारोदार फिरून स्लिपा वाटल्या, त्याच्या पेठेवर मी गद्दारीचा शिक्का मारला होता. त्या रात्री आम्ही तिघींनी 700 प्रतींत शुद्धिपत्रकाच्या पट्ट्या चिकटवल्या. डिंक ओला असल्यामुळे पानं एकमेकांना चिकटत होती, प्रत्येक प्रत पंख्याखाली उघडी धरावी लागत होती. आमदारसाहेबांनी चकार शब्द काढला नाही, तेच जास्त लागलं.

त्यामुळे माझं मत ठाम आहे: 2004 आणि 2009 मध्ये तक्त्यात जाड रेघ मारा आणि दोन्ही बाजूंना हद्दीचं वर्णन द्या. कुणी म्हणेल टक्केवारी लावा. माझ्या मते त्यानेही भागत नाही, कारण मतदारच वेगळे आहेत. नवी हद्द 2008 च्या आदेशात मिळते, मात्र त्यातले वॉर्ड क्रमांक जनगणनेचे आहेत, आजच्या प्रभाग क्रमांकांशी जुळवायला जाऊ नका. मतदारसंघांचे क्रमांकही तेव्हाच बदलले. कसबा पेठ आता 215, खडकवासला 211.

ओघात आलंय म्हणून, पोटनिवडणुका सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात सापडत नाहीत. भीमराव तापकीर खडकवासल्यातून पहिल्यांदा जिंकले ते 2011 मध्ये, रमेश वांजळे यांच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत. फक्त 2014, 2019 आणि 2024 पाहिलंत तर त्यांचा एक विजय गळतो. कसब्यात तर 2019 ला मुक्ता टिळक, त्यांच्या निधनानंतर 2023 च्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर, 2024 ला हेमंत रासने. मधला माणूस सहज सुटतो. आणि "आमदार कधीपासून" लिहिताना सभागृह कोणतं ते लिहा. चंद्रकांत पाटील कोथरूडमधून 2019 ला विधानसभेवर गेले, पण त्याआधी पुणे पदवीधर मतदारसंघातून ते विधानपरिषदेवर होतेच.

जन्मतारीख, शिक्षण, समित्या यासाठी विधिमंडळाच्या सदस्य परिचयाच्या पुस्तिका बघा. मला त्या कार्यकर्त्यांच्या आठवणींपेक्षा जास्त भरवशाच्या वाटल्या. हद्दींच्या बाबतीत मात्र नेमकं उलट, तिथे बूथवर बसलेल्या माणसालाच विचारा आणि प्रूफ आधी त्याला दाखवा.

मतदारसंघाचं नाव कळवलंत तर माझ्याकडे आदेशाची प्रत आहे, त्यातलं हद्दीचं वर्णन टाइप करून पाठवते. रविवारपर्यंत जमेल.