नऊ जणांत इंग्रजी येणारी तू एकटी

आर्वी, जि. वर्धा

प्रिय बेटा,

तुम्ही नऊ जण थायलंडच्या सहलीला निघालात, हा तुझा मेसेज वाचला. त्यात बँकॉकबद्दल एक ओळ आहे आणि काका-काकू, मामा-मामी, आई-बाबा, चुलतभाऊ, शेजारच्या आजी यांच्याबद्दल पानभर. म्हणजे काळजी नेमकी कशाची करायची ते तुला कळलंय. थायलंड तुला फारसा त्रास द्यायचं नाही. तिथल्या लोकांना पाहुण्यांची सवय आहे. त्रास झालाच तर आपल्याच माणसांचा होईल, आणि मजा येईल तीही बरीचशी त्यांच्यामुळेच येईल.

कागदांचं आधी उरकून टाकू. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक हवी. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. काकांचं नाव आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं आहे, तू पासपोर्टचंच धर. व्हिसाचे नियम बदलत राहतात, पैसे भरण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघ. 1 मे 2025 पासून थायलंडमध्ये शिरण्याआधी ऑनलाइन आगमन-कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद कर. नऊही जणांचं एका बैठकीत भर आणि प्रत्येकाच्या हातात छापील कागद दे, कारण आजींच्या फोनवर काही पाठवून उपयोग नाही. विदर्भ एक्सप्रेस सकाळी मुंबईला पोहोचते म्हणून त्याच दिवशीचं विमान धरू नकोस. मध्ये एक रात्र मोकळी ठेव.

आता शिदोरी. तुझी काकू माळकरी आहे, म्हणजे जवसाची चटणी, तिळाची चटणी, शेव, भाजलेले शेंगदाणे, ठेचा हे सगळं येणारच. येऊ दे, पण बॅग भरताना तू समोर बस. तेलातलं लोणचं आणि ठेचा मोठ्या बॅगेत जाऊ दे, वर विमानात नेलास तर तपासणीत काढून ठेवतील. खोबऱ्याच्या सुक्या वाट्या मात्र मोठ्या बॅगेत चालत नाहीत, त्यातल्या तेलानं पेट घेण्याची भीती असते. पॉवरबँकचं तेच, ती जवळच्या बॅगेत. मामा म्हणतील, आपला संत्रा तिकडच्या लोकांना दाखवू. नको. फळं, रोपं, बियाणं सीमेवर अडकतात आणि मग सगळे तासभर मामांच्या नावानं उभे राहतात.

खर्र्याचंही आत्ताच बोलून घे. पन्नीत घोटलेल्या त्या तंबाखू-सुपारीच्या काळपट भुग्याच्या पुड्या एखाद्या अधिकाऱ्यानं उघडल्या तर तो काय असतो ते इंग्रजीत तुलाच सांगावं लागेल. थुंकायची सोयही तिथे नाही, रस्त्यावर थुंकलं तर दंड होऊ शकतो. मामांना म्हण, महिनाभर आधीपासून कमी करत आणा. ऐकणार नाहीत, पण तू सांगितलं होतंस हे नंतर कामी येईल. तिसऱ्या दिवशी मामा हॉटेलच्या उशीवरून भांडायला लागले, तर ते भांडण उशीचं नाही एवढं समजून घे आणि त्यांना लवंग दे.

माझं मत विचारशील तर सहलीतली भांडणं तीनच गोष्टींवरून होतात: भूक, झोप आणि हिशेब. बाकीची कारणं लोक नंतर शोधतात. भूक आणि झोप जागच्या जागी भागवता येते. हिशेबाचं मात्र इथूनच ठरवून जा. सगळ्यांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची आणि ते पाकीट मामीकडे द्यायचं. तुझ्याकडे अजिबात नको. बोलायचंही तूच, रस्ताही तूच शोधायचा आणि पैसेही तूच सांभाळायचे, असं झालं की चौथ्या दिवशी तू रडशील. जेवण, गाडी, तिकिटं पाकिटातून. भावाची बिअर आणि मामीच्या पर्सा ज्याच्या त्याच्या खिशातून. हे घरीच, चहा पिताना, सगळ्यांसमोर बोल.

एवढं करूनही काका गुणाकार करतीलच. एका बाथचे अडीच रुपयांच्या वर होतात. पन्नास बाथचा चहा समोर आला की काका कप खाली ठेवतील आणि म्हणतील, "सव्वाशाच्या वरचा चा? एवढ्यात त आपल्या इथं अख्ख्या पंगतीचा चा होते. मले नाई पायजे." मग काकूही पिणार नाही, आई संकोचानं अर्धा सोडेल, आणि नऊ जणांचा चहा थंड होईल. वाद घालू नकोस. खोलीत पाणी उकळायची किटली बहुतेक असते, चहापत्ती, साखर आणि दुधाची पावडर घरून ने. सकाळचा चहा काकांच्या खोलीत, काकांच्या हातचा. हा खर्च वाचल्याचा आनंद त्यांना दिवसभर पुरेल. दुकानातल्या दुधाच्या बाटलीवर 2569 साल पाहून ते पुन्हा घाबरतील. ते तिथलं बौद्ध वर्ष आहे, आपल्या सालापेक्षा 543 नं पुढचं. हे त्यांना तू सांग, पुढे ते सगळ्यांना सांगत फिरतील.

काकूच्या जेवणाची तयारी थोडी जास्त लागेल. भाजीच खायची आहे म्हटलं तरी तिथे माशाचा रस पडतोच, त्यांना त्यात मासा दिसतच नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेली दुकानं शोध. तिथे मांस-मासळी सोडाच, कांदा-लसूणही नसतो. त्या अक्षराचा फोटो काकूच्या फोनवर टाकून ठेव, तिलाच शोधू दे. दोन दिवसांत ती तुझ्याआधी ओळखेल आणि तुला त्याचा अभिमानानं पत्ता देईल. भात सगळीकडे मिळतो, जवसाची चटणी सोबत आहेच. कापलेला पेरू गाडीवर तिखट-मिठाच्या पुडीसकट मिळतो, तो तिला पहिल्याच दिवशी खाऊ घाल, म्हणजे देशाबद्दलचं तिचं मत सुधारेल. आणि बायांना हळूच सांगून ठेव, तिथल्या संडासात पाण्याची फवारणी असते. ही चिंता कुणी बोलून दाखवत नाही, पण असते सगळ्यांना.

तुझ्या भावाला मात्र काही सांगू नकोस. काकूनं परदेशात नऊवारी नेसायची म्हटल्यावर तो हसला होता ना? राजवाड्याच्या दारात गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात. काकू पदर सावरून सरळ आत जाईल आणि हा हाफपँटवाला बाहेर हत्तीच्या छापाचा पायजमा विकत घेत उभा राहील. त्याचा फोटो काढ आणि मला पाठव.

आता आजींबद्दल. तू लिहिलंस की त्यांना सोबत घ्यावं की नाही, घरात मतं दोन आहेत, गुडघे दुखतात, सारखं थांबावं लागेल. थांबावं लागेलच. आम्ही गेलो तेव्हा आमच्यासोबतही वस्तीतल्या एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांचे वडील 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा घ्यायला गेले होते, आणि ते सांगितल्याशिवाय आजींचा एक दिवस जात नसे. त्या आपल्या पाचला उठायच्या. बँकॉकचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे, म्हणजे तिथे साडेसहा. त्यांना आंघोळीला नळ गरम कसा करायचा ते कळेना, म्हणून रोज माझं दार वाजे. मी चिडलेच होते. एकदा उठलेच आहे तर म्हणून त्यांच्यासोबत खाली रस्त्यावर आले.

हॉटेलच्या गल्लीत भिक्खू चालत येत होते. अनवाणी, भगवी चीवरं, हातात पात्र, एकामागे एक. बाया रस्त्याच्या कडेला चपला काढून गुडघ्यांवर बसलेल्या, हातात भात आणि रबर लावलेल्या पिशव्यांत कालवण. आजींनी चपला काढल्या आणि गुडघा दुखतोय हे विसरून तिथेच बसल्या. भिक्खू थांबले, पाली भाषेत आशीर्वाद पुटपुटले. तिकडे बौद्ध धर्माचा थेरवाद पंथ पाळतात, विधी पालीतच चालतात. आजींनी डोळे मिटून आपलं सुरू केलं, बुद्धं सरणं गच्छामि. शेजारची भातवाली त्यांच्याकडे बघत राहिली आणि दुसऱ्या सरणाला तीही मिसळली. चाल वेगळी, शब्द तेच. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, पण त्रिशरण पूर्ण झालं. मग तिनं आजींना तिचं प्लास्टिकचं स्टूल दिलं, आजींनी बटव्यातून खडीसाखर काढून दिली. त्यानंतर आमचा मुक्काम संपेपर्यंत आजी रोज सकाळी त्या स्टुलावर. मी माझ्या हिशेबानं आठला उठून नाश्त्याला गेले असते.

म्हणून आजींना घे. त्यांच्यासाठी वाट फोमध्ये अर्धा तास जास्त धर, वाट म्हणजे तिकडचं बौद्ध देऊळ. निजलेल्या बुद्धाची मूर्ती 46 मीटर लांब आहे, ती आजी दहा मिनिटांत बघतील. पण मागच्या बाजूच्या भिंतीशी ओळीनं 108 काशाची भांडी ठेवलेली असतात आणि थोडे बाथ दिले की सुट्या नाण्यांची वाटी मिळते. प्रत्येक भांड्यात एक नाणं टाकत जायचं. तो किणकिण आवाज ऐकला की आई, काकू, मामी तिघी रांगेत लागतील, आणि मधेच कुणाची तरी नाणी कमी पडून पुन्हा वाटी घ्यावी लागेल. घाई करू नकोस. मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही आणि राजाचं चित्र असलेली नोट खाली पडली तर पायानं थांबवायची नाही, एवढं मात्र आधी सांगून ठेव.

बाबा आणि काका यांचं वेगळंच असेल. तुम्ही तूर निघाल्यावर जाताय, म्हणजे वावरात हरभरा उभा. रात्री सगळे नदीकाठी दिवे बघत असतील आणि हे दोघं फोन कानाला लावून पाठ फिरवून उभे: "लाइट आली का? मोटर लावली का? डुकरं आलते का रातच्यानं?" मामी वैतागेल की एवढे पैसे खर्चून आलो आणि यांचं लक्ष धुऱ्यावर. मी म्हणते, बोलू दे. रात्रपाळीच्या लाइटवर ओलित करणारा माणूस वावर घरी ठेवून येऊच शकत नाही. फोन झाला की त्यांचा जीव खाली पडतो आणि मग ते खरंच बघायला लागतात. त्यांना दिवे दाखवण्यापेक्षा बँकॉकबाहेरची भातशेती, कालवे, नारळाच्या बागा दाखव. त्यांना प्रश्न पडतील, तुझं इंग्रजी कमी पडेल, पण शेतकऱ्याला शेतकऱ्याशी बोलायला हातवारे पुरतात.

अयुथ्थयाला बसनं नको, साध्या रेल्वेनं जा. बँकॉकच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटर. तिसऱ्या वर्गाचं भाडं अगदी किरकोळ, उघड्या खिडक्या, डोक्यावर पंखे, डब्यात खाऊ विकत फिरणाऱ्या बाया. बाबांना आपल्या पॅसेंजर गाडीत बसल्यासारखं वाटेल आणि सगळ्या सहलीत ते तिथेच सगळ्यात जास्त बोलतील. 1350 मध्ये वसलेलं ते राजधानीचं शहर 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्यानं उद्ध्वस्त केलं. नाव अयोध्येवरून आहे हे काकांना कळलं की ते मोकळे सुटतील. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळ्यांत बुद्धाचं शीर अडकलेलं आहे. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर त्याच्यापेक्षा खाली बसावं लागतं. आजींचे गुडघे तिथे ऐकणार नाहीत, त्यांना उभ्यानं दुरून नमस्कार करू दे.

आणि तुझं. रोज दुपारी दोन तास तू कुणाची नाहीस, हे पहिल्याच दिवशी जाहीर कर. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं थाई लिपीतलं कार्ड ठेव. हरवले तर टॅक्सीवाल्याला दाखवतील. सगळ्यांनी सगळीकडे जायचं असा हट्ट कुणी धरला तर तो मोड. मामा-मामी बाजारात, भाऊ त्याच्या वाटेनं, आजी आणि काकू खोलीत पडून, तू एकटी नदीच्या बोटीतून. संध्याकाळी भेटलात की प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी वेगळं असेल, आणि चार वेळा ऐकलेलं तेच तेच कुणाला ऐकावं लागणार नाही.

परतीला सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्टवर शिक्का पडला की आत समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे. देव एकीकडे, दानव एकीकडे, मध्ये वासुकी. काका तिथे कथा सांगायला थांबतील, मामा दानव मोजतील, आणि विमानाची वेळ होईल. तेवढा वेळ हातचा धरून ठेव.

मला काही आणू नकोस. विशेषतः हत्तीची पर्स नको, मागच्या वेळच्या अजून कपाटात पडल्या आहेत. सुकवलेला आंबा मिळाला तर आण.

तुझ्या
बाई