टोपली कुणी बनवली, असं विचारणाऱ्या मुलीबद्दल

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंच्या पित्तनलिकेत अडकलेला खडा पोट न उघडता, तोंडावाटे दुर्बीण घालून काढला. डॉक्टरांनी नंतर तुमच्या लेकीला तशीच एक नवी, पाकिटातली, बारीक तारांची टोपली हातात घेऊन बघू दिली. आणि घरी आल्यावर आजीची चौकशी बाजूला ठेवून ती 'पण ही बनवली कुणी?' हेच धरून बसली. आता शाळेचं शेवटचं वर्ष आहे, मार्क उत्तम आहेत, घरातले सगळे म्हणतात डॉक्टर कर, आणि ती म्हणते मला असली अवजारं बनवायची आहेत. तुम्ही विचारता, आधी डॉक्टर की आधी इंजिनिअर, आणि यावर पोट भरतं का. पत्राच्या अगदी शेवटी जाता जाता लिहिलंय, 'दिसेल ते उघडते, परत जोडत मात्र नाही. भिंतीवरचं घड्याळ चार महिने डब्यात पडलंय.' त्या घड्याळाकडे मी परत येणार आहे.

आधी लेकीच्या प्रश्नाचं उत्तर. ही टोपली एन्रिको दोर्मिया या इटालियन मूत्ररोगतज्ज्ञाच्या नावानं ओळखली जाते. १९५८ च्या सुमाराची गोष्ट, आणि तेव्हा ती पित्तनलिकेसाठी नव्हतीच, मूत्रवाहिनीतले खडे काढण्यासाठी होती. पित्तनलिकेतले खडे तोंडावाटे काढण्याचा रस्ता पुढे १९७४ च्या सुमारास मोकळा झाला. जर्मनीत आणि जपानमध्ये डॉक्टरांनी एकाच सुमारास, स्वतंत्रपणे, दुर्बिणीतून विजेची तार घालून त्या नलिकेचं आवळलेलं तोंड कापून रुंद केलं. रस्ता झाल्यावर एका वाटेची टोपली दुसऱ्या वाटेला लागली. या क्षेत्रात असं फार होतं. एका शाखेत जुनं झालेलं अवजार शेजारच्या शाखेत कुणीतरी नव्यानं वापरतं, आणि म्हणून चौफेर नजर असलेल्या मुलांना इथे वाव आहे.

पण टोपलीत खरी गंमत पुढे आहे. ती एका बारीक नळीत मिटून आत जाते, बाहेर ढकलली की तारा फुगतात, खडा आत शिरला की मूठ ओढून तारा आवळायच्या. खडा नलिकेच्या तोंडापेक्षा मोठा निघाला तर? तो बाहेर येत नाही आणि तारांतून सुटतही नाही. पेशंट टेबलावर, अवजार पोटात, मूठ डॉक्टरांच्या हातात. म्हणून काही टोपल्यांमध्ये ठरावीक जोरापलीकडे ओढलं की टोकाचा जोड मुद्दाम सुटतो, तर काहींवरून धातूचं वेटोळ्याचं आवरण सरकवून आतल्या आतच खडा फोडता येतो. लेकीला विचारा, तिनं ती टोपली बनवली असती तर 'अडकली तर सोडवायची कशी' हा प्रश्न तिला किती वेळानं सुचला असता. उत्तर काहीही असो, तिला त्यावर विचार करताना मजा आली का, एवढं बघा.

पुस्तकातून कळणार नाही अशी एक गोष्ट तिला घरीच करून बघता येईल. गुळगुळीत दांडीवरून दोरी टाका, एका टोकाला पाण्याची बाटली बांधा आणि दुसऱ्या टोकानं वर ओढा. मग दोरीला दांडीभोवती एक पूर्ण वेढा जास्त द्या, मग दोन. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर प्रत्येक जादा वेढ्यागणिक लागणारा जोर साडेसहा पटीच्या आसपास वाढतो, आणि दोन वेढ्यांत चाळीस पटींच्या वर जातो. वेढा मोठा की छोटा यानं फरक पडत नाही. एकूण किती वळण झालं तेच मोजायचं. आता हीच दोरी म्हणजे दुर्बिणीच्या पोटातली तार समजा. आतड्यात दुर्बीण वळसे घेते, तार तिच्या भिंतीला घासते, आणि डॉक्टर मुठीवर जेवढं ओढतात त्यातलं टोकाला जेमतेम काहीतरी पोचतं. पिळाचंही तसंच. किंचित वाकडी तार वळसे दिलेल्या नळीत घाला, पलीकडच्या टोकाला कागदाचा झेंडा चिकटवा आणि इकडून हळूहळू पिळा. झेंडा हलत नाही, हलत नाही, आणि मग एकदम अर्धी गिरकी घेतो. टेबलावर हे बघून हसू येतं. पण काही मिलिमीटर जाडीच्या जठराच्या भिंतीलगत तारेच्या टोकानं अशी उडी मारली तर काय, याचा विचार करत माणसं वर्षानुवर्षं काम करतात. आणि हे सगळं बसवायचं कशात, तर नेहमीच्या जठराच्या दुर्बिणीत अवजारासाठी असलेला मार्ग साधारण २.८ मिलिमीटरचा असतो.

आता तुमचा प्रश्न. पेशंट बरे करायचे असतील तर तिला डॉक्टर करा. फक्त अवजारं बनवायला मिळतील म्हणून वैद्यकीय शिक्षणाच्या लांबलचक वाटेनं पाठवू नका. वर सांगितलेल्या दोन्ही खेळांत तिचा जीव रमला तर पहिली पदवी मेकॅनिकलची घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बायोमेडिकल हा शब्द ऐकायला जवळचा वाटतो आणि चांगले अभ्यासक्रम आहेतही. पण पहिल्याच पदवीत थोडं शरीरशास्त्र, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं सॉफ्टवेअर असं वाढलेलं ताट मिळालं की कशातच हात बसत नाही. आधी धातू, प्लास्टिक, घर्षण, थकवा येऊन तुटणाऱ्या तारा यांच्याशी ओळख पक्की होऊ दे, वैद्यकाकडे मास्टर्सला वळता येतं. कॅमेरे आणि प्रकाशाचं वेड असेल तर भौतिकशास्त्रही चालेल. जीवशास्त्र मात्र आत्ताच सोडू नका. पुढे डॉक्टरांशी बोलायला लागतं.

लवचिक दुर्बिणीचाच जन्म बघा. काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं, हे १९५४ मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी या भौतिकशास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं. ते वाचून बेसिल हिर्शोविट्झ हे पोटविकारांचे डॉक्टर पेटून उठले. अडचण अशी की तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश एकातून दुसऱ्यात गळायचा. ती सोडवली लॅरी कर्टिस या मिशिगन विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यानं. १९५६ च्या अखेरीस त्यानं एका काचेची कांडी दुसऱ्या जातीच्या काचेच्या नळीत घातली, दोन्ही एकत्र वितळवून तंतू ओढला, आणि आतला प्रकाश आतच राहिला. पुढच्याच वर्षी हिर्शोविट्झनी अशा तंतूंची दुर्बीण आधी स्वतःच्या घशात घालून पाहिली. डॉक्टर एक, पदार्थविज्ञानाचा पोरगा एक, आणि दोघांत एकटा कुणीच ती बनवू शकला नसता.

घरातले लोक तुम्हाला थॉमस फोगार्टींचं उदाहरण देतील, की ते डॉक्टर होते. होते. पायाच्या धमनीतली गुठळी फुग्याच्या कॅथेटरनं, म्हणजे टोकाला फुगा असलेल्या बारीक लवचिक नळीनं, ओढून काढायची युक्ती त्यांची. कॅथेटरच्या टोकाला रबरी हातमोज्याचं बोट बांधायचं होतं, ते त्यांनी मासेमारीच्या गळाला कृत्रिम माशी बांधतात त्या गाठींनी बांधलं. पण हे त्यांना सुचलं कशावरून? शाळेत असल्यापासून ते सिनसिनाटीच्या एका हॉस्पिटलात काम करायचे, ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहून अवजारं हातात द्यायचे, आणि गुठळीपायी लांबलेल्या ऑपरेशनांनंतरही पाय गेलेले, जीव गेलेले पेशंट त्यांनी पाहिले होते. डॉक्टरकी नंतर आली, आधी त्या खोलीत उभं राहणं आलं. लेकीची पदवी कुठलीही असो, त्या खोलीत तिला लवकर उभं राहायला मिळालं पाहिजे.

हे मी अनुभवाचे टक्केटोणपे खाऊन सांगते. मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी अकरा वर्षं अशी अवजारं करणाऱ्या एका टीममध्ये होते. आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला मांसाचा उंचवटा, फासात पकडून कापायचं अवजार असतं, स्नेअर. त्याची नवी मूठ आम्ही केली. सात महिने डॉक्टरांना विचार विचार विचारलं. मुठीवर सुबक आकडे कोरले, फास किती मिटलाय ते कळावं म्हणून. पहिल्या दिवशी खोलीत गेलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरांचा डावा हात दुर्बिणीच्या चाकांवर, उजवा हात दुर्बिणीच्या नळीवर. स्नेअरची मूठ डॉक्टरांच्या हातात नसतेच, ती शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरच्या हातात असते! दिवे मंद केलेले, हातमोज्यांना जेल लागलेलं, नजर पडद्यावर. सिस्टर म्हणाल्या, 'आकडे कोण बघतंय? फास मांसावर बसला की बोटाला लागतं, त्यावर मी थांबते.' आणि आमच्या मुठीतली स्प्रिंग एवढी दणकट होती की बोटाला फक्त स्प्रिंगच लागत होती. सात महिन्यांत आम्ही एकाही सिस्टरला विचारलं नव्हतं. सगळं पहिल्यापासून केलं.

म्हणून लेकीला शक्य तेव्हा एखाद्या एन्डोस्कोपी (दुर्बिणीच्या तपासणीच्या) टेक्निशियनशी किंवा सिस्टरशी गप्पा मारू द्या. कशाचा वैताग येतो, एवढंच विचारायचं. पेशंटची नावं, फोटो काही नाही. आणि वापरलेलं अवजार कुणी प्रेमानं दिलं तरी घरी आणायचं नाही, कितीही धुतलेलं असलं तरी.

धुण्यावरून आठवलं. सासूबाईंना घातली त्या जातीच्या दुर्बिणीच्या टोकाला एक इवलीशी पट्टी असते, तार हव्या त्या दिशेला उचलून धरायला. फार हुशारीची रचना. पण पट्टीच्या मागच्या फटीत घाण राहायची, आणि नियमाप्रमाणे साफ केलेल्या दुर्बिणींमधूनही पेशंटना जंतुसंसर्ग झाल्याचं उघड झालं. २०१५ मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं त्याबद्दल इशारा दिला. नंतर टोक बदलता येणाऱ्या आणि एकदाच वापरायच्या दुर्बिणी आल्या. वर्षानुवर्षं उत्तम चाललेल्या रचनेत 'हे साफ कसं करणार' हा प्रश्न कमी पडला होता. लेकीच्या डोळ्यांपुढे आत्ता टोपली बनवण्याचा दिवस असेल. नोकरीत मात्र टोपली दहा दिवसांत होते, आणि ती पाचशे वेळा उघडून-मिटून, वाकवून, निर्जंतुक करून, जुनी करून परत तपासण्यात आणि प्रत्येक तपासणी लिहून ठेवण्यात वर्षं जातात. गुणवत्ता राखण्याच्या पद्धतीचं आयएसओ १३४८५, धोक्यांच्या हिशेबाचं आयएसओ १४९७१, शरीराला चालणाऱ्या पदार्थांचं आयएसओ १०९९३ ही आंतरराष्ट्रीय मानकांची नावं तिला पुढे तोंडपाठ होतील. कंटाळवाणं वाटतं, आणि थोडं आहेही.

पोट भरतं का? भरतं. 'शोधक पाहिजे' अशी जाहिरात मात्र निघत नाही. डिझाइन, चाचणी, गुणवत्ता, उत्पादन, परवानग्या अशा दारांनी आत जायचं असतं, आणि चाचणीच्या दारानं गेलेली मुलं बहुधा सर्वांत लवकर शहाणी होतात, कारण अवजार कसकसं मोडतं हे त्यांना दिसतं. पेटंटवर नाव लागेल, मालकी सहसा कंपनीची असेल. स्वतःचं काही सुचलं तर अर्ज करण्याआधी ते जगाला दाखवत सुटायचं नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. या वयात फार उत्साह असतो.

उरलं घड्याळ. ते जोडून टाक म्हणून तिच्या मागे लागू नका. ते का थांबलं, हे एका पानावर लिहायला सांगा: आधी काय उघडलं, कुठला भाग कशावर बसत होता, काय आठवत नाही, काय हरवलं. कुतूहल फिटलं म्हणून सोडून देणारी मुलं असतात. त्यांना हे काम जड जाईल, आणि मी ते तुम्हाला तसं स्पष्ट सांगेन. पण माझा अंदाज वेगळा आहे. उघडताना तिनं काही टिपून ठेवलं नाही, मग जोडताना अडली, आणि अडल्याचं घरात कुणाला सांगायची लाज वाटली. तसं असेल तर ती वही घेऊन बसायला शिकेल, आम्हीही तशाच शिकलो.

ते पान मला पाठवा, खाडाखोडीसकट. प्रवेशाच्या अर्जांना अजून अवधी आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा मेकॅनिकल की भौतिकशास्त्र हे आपण ते पान बघूनच ठरवू.

तुमची,
मार्गदर्शक ताई