व्हिटॅमिन डीमध्ये केमिस्टला काय उरलंय?

तुम्ही विचारलंय, ‘व्हिटॅमिन डी सापडून शंभर वर्षं होऊन गेली, रचना कळली, औषधं निघाली, मग मेडिसिनल केमिस्टनं (औषधांचे रेणू घडवणाऱ्यानं) त्यात अख्खी कारकीर्द का घालवावी? आणि मी पीएचडीला हा विषय घेऊ का?’ माझी बरीच वर्षं याच रेणूसोबत गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या नावातलं ‘व्हिटॅमिन’ बाजूला ठेवा. उन्हात कातडीत तयार होणारं डी३ हा कच्चा माल. यकृत त्याच्या २५व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसवतं, मूत्रपिंड पहिल्या कार्बनवर आणखी एक, आणि मग जे कॅल्सिट्रिऑल बनतं ते खरं हार्मोन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या हेक्टर डेलुका यांच्या प्रयोगशाळेनं यकृतातलं रूप १९६८ मध्ये ओळखलं आणि १९७१ मध्ये कॅल्सिट्रिऑलची रचना मांडली. आपल्याकडे मिळणाऱ्या ६०,००० युनिटच्या पाकिटात दीड मिलिग्रॅम डी३ असतं. कॅल्सिट्रिऑलची नेहमीची कॅप्सूल पाव मायक्रोग्रॅमची. सहा हजार पटींचा फरक! (आठवड्याचं पाकीट चुकून रोज घेऊ नका, कॅल्शियम चढून माणूस दवाखान्यात पोचतो.)

आणि हे कॅल्शियमच आमच्या सगळ्या कामाचं दुखणं. १९८१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कॅल्सिट्रिऑल दिल्यावर उंदराच्या ल्युकेमियाच्या पेशी साध्या पेशींसारख्या परिपक्व होतात. केवढी आशा वाटली तेव्हा! पण तेवढा डोस माणसाला दिला तर कॅल्शियम आधी वाढतं. तेव्हापासून केमिस्ट एकच प्रश्न सोडवत आलेत: रेणूत असा कोणता बदल करावा की हवा तो परिणाम राहील आणि कॅल्शियम फार चढणार नाही?

डेलुकांच्या गटानं १९ क्रमांकाचा कार्बनच काढून टाकला. त्या वाटेनं पॅरिकॅल्सिटॉल आलं. डायलिसिसवरच्या रुग्णांचं वाढलेलं पॅराथायरॉइड हार्मोन ते खाली आणतं, आणि कॅल्शियम तुलनेनं कमी वाढवतं. डेन्मार्कच्या लिओ कंपनीत मार्टिन कॅल्व्हर्ली यांनी बाजूच्या साखळीत तीन कार्बनांचं कडं बसवलं. ते कॅल्सिपोट्रिऑल, सोरायसिसचं मलम. रक्तात गेलं की लगेच मोडतं, म्हणूनच ते सुरक्षित. कॅन्सरमध्ये मात्र तसं यश आलं नाही. सिओकॅल्सिटॉल या अशाच घडवलेल्या रेणूवर फार भिस्त होती, पण यकृताच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. हे वाचून आजही वाईट वाटतं.

रिसेप्टरची, म्हणजे पेशीतल्या ज्या प्रथिनाला हे हार्मोन चिकटून काम करतं त्याची, गोष्ट त्याहून सुंदर आहे. २००० साली स्ट्रासबुर्गच्या दिनो मोरास यांच्या गटानं त्याची स्फटिकरचना (अणू कुठे कसे बसलेत ते) दाखवली. कॅल्सिट्रिऑल आतल्या खिशात बसतं, त्याच्या तीन हायड्रॉक्सिलना प्रथिन हायड्रोजन-बंधांनी धरून ठेवतं आणि प्रथिनाच्या बाराव्या हेलिक्सचं (पिळाचं) झाकण वरून लागतं. तरी खिशात बरीच जागा रिकामी राहते. काही मुलांमध्ये या प्रथिनातल्या २७४ क्रमांकाच्या आर्जिनीन या अमिनो आम्लाच्या जागी जन्मतःच ल्युसीन असतं. पहिल्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलची पकड सुटते आणि रक्तात हार्मोन भरपूर असूनही मुडदूस होतो. डेलावेअर विद्यापीठात केमिस्टांनी त्या बिघडलेल्या खिशाच्या मापाचे रेणू घडवले आणि पेशींमध्ये रिसेप्टर पुन्हा चालवून दाखवला. ‘काय उरलंय’ याला माझं उत्तर हेच: कुलूप बिघडलं तर किल्ली नव्यानं घडवायची, आणि हे काम केमिस्टचंच.

आता रोजचं काम. डी२ (डी३चं भावंड) ओझोननं तोडून रेणूचा वरचा अर्धा भाग मिळवायचा, खालचं कडं फॉस्फिन ऑक्साइडच्या रूपात वेगळं बांधायचं. मग दोन्ही जोडण्यासाठी उणे ७८ अंशांवर त्या फॉस्फिन ऑक्साइडमध्ये ब्युटिल लिथियम थेंब-थेंब सोडायचं. द्रावण गर्द लालसर झालं की जीव भांड्यात पडतो, आणि रंग आलाच नाही तर समजा कुठेतरी ओल राहिली. तयार झालेला ट्राइन (तीन दुहेरी बंधांची साखळी) उजेडात आणि हवेत टिकत नाही, म्हणून फ्लास्कला फॉइल गुंडाळायचं, आत आर्गॉन हा निष्क्रिय वायू. महिनाभर राबून हाती चार-पाच मिलिग्रॅम येतात. इतका धीर असेल तर विषय जरूर घ्या.

गाइड निवडताना एवढं विचारा: तुमचे रेणू रिसेप्टरवर कोण तपासतं आणि उंदरांमधलं कॅल्शियम कोण मोजतं? हे दोन्ही करणारा सहकारी गटाच्या हाताशी नसेल तर दुसरी प्रयोगशाळा शोधा.