शंका-समाधान : गिटारचा ‘हम’, बोथट आवाज आणि माइकचा झटका

प्रश्न : माझी तीन सिंगल कॉइल पिकअपची, स्ट्रॅट पद्धतीची गिटार आहे. अ‍ॅम्प लावला की सतत ‘गूंऽऽ’ ऐकू येतं, तारांना हात लावला की कमी होतं. लाइट गेली आणि इन्व्हर्टर सुरू झाला की वाजवणंच नको होतं. पिकअप बदलू का? — एक वाचक, परभणी

उत्तर : इतक्यात बदलू नका. हात लावल्यावर आवाज कमी होतो म्हणजे ब्रिजला जोडलेली ग्राउंडची वायर शाबूत आहे. वाढत असता तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात का, ते आधी पाहावं लागलं असतं.

सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ते जशी तारांची थरथर पकडतात, तसंच घरातल्या ५० हर्ट्झ विजेचं चुंबकीय क्षेत्रही पकडतात. साध्या इन्व्हर्टरमधून चौकोनी लहर निघते. तिच्यात वरच्या पट्टीच्या लहरी भरपूर असतात, म्हणून ‘गूं’चं ‘घर्रर्र’ होतं. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास बराच कमी असतो.

आधी फुकटचे उपाय करा. इन्व्हर्टर आणि चार्जरपासून दीड-दोन मीटर लांब बसा आणि गिटार धरून जागच्या जागी हळूहळू फिरा. एका कोनात हम जवळजवळ नाहीसा होतो, तिथे खुर्ची टाका. पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर ठेवून पाहा, तिथे दोन पिकअप एकत्र वाजतात. मधला पिकअप उलट वेढ्यांचा असेल तर दोन कॉइलमधला हम एकमेकांना मारतो. १९५५ साली गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी हम्बकरच्या, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपच्या, पेटंटसाठी अर्ज केला, त्यातली युक्ती हीच.

नंतर शील्डिंग, म्हणजे आतल्या भागांभोवती धातूचं आवरण. पिकगार्डच्या मागे आणि आतल्या खोबणीत तांब्याची टेप लावा, पट्ट्या एकमेकींवर चढवा, मीटरने सलगता तपासा आणि एक वायर ग्राउंडला सोल्डर करा. एवढं करून गिटार एकदम मुकी झाली, तर जॅकचं किंवा स्विचचं सिग्नलचं (‘हॉट’) टोक टेपला टेकलंय असं समजा. त्या जागी आधीच इन्सुलेशन टेप लावलेली बरी. शील्डिंगने घरघर जाते, चुंबकीय हम मात्र राहतो. तो पूर्ण घालवायचा तर हम्बकरच हवा.

प्रश्न : ब्रिजचा पिकअप काढून हम्बकर बसवला. आवाज मोठा झाला पण गोणपाटाखालून आल्यासारखा वाटतो. — एक वाचक, लातूर

उत्तर : व्हॉल्यूमच्या पॉटवरचा, म्हणजे बटणाखालच्या बदलत्या रेझिस्टरवरचा, आकडा वाचा. सिंगल कॉइलच्या गिटारीत २५० किलोओहमचे पॉट असतात. हम्बकरला ५०० लागतात. कमी ओहमचा पॉट वरचा झणझणीतपणा ग्राउंडकडे ओढून नेतो. घेताना ए५००के मागा. ‘ए’ म्हणजे लॉग. ‘बी’ म्हणजे लिनिअर, त्यात आवाज बराच वेळ कमी होत नाही आणि शेवटी एकदम पडतो. टोनचा कंडेन्सर ०.०२२ मायक्रोफॅरडचा, म्हणजे २२३ छापलेला घ्या. साधा पॉलिएस्टरचा चालतो, महागड्यावर पैसे घालवू नका.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नाही अशी बहुतेकांची तक्रार असते. पाठ सँडपेपरने घासून चमकवा, ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि रुंद टोक वापरा. चार-पाच सेकंदांत काम झालं नाही तर थांबा, पॉट गार होऊ द्या. जास्त तापला की आतला कार्बनचा पट्टा जातो. नळकामाची आम्लयुक्त पेस्ट अजिबात नको, ती पुढे सांधा खाते.

आता एकेक पिकअप निवडून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून, केबलच्या मोकळ्या टोकाला मीटर लावा. हम्बकरला साधारण ७ ते ९ किलोओहम, सिंगलला ५.५ ते ६.५ दिसायला हवेत. हम्बकरला निम्मेच दिसले तर एक कॉइल बंद आहे. दोन पिकअप एकत्र लावल्यावर आवाज पातळ, नाकातला येत असेल तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांविरुद्ध जातायत. काट्याचा मीटर डीसीच्या सर्वांत लहान रेंजवर ठेवा, पिकअपच्या खांबाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून झटकन उचला. काटा दोन्ही पिकअपला एकाच दिशेला उडाला पाहिजे.

शेवटी उंची. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर मोजा : ब्रिजच्या हम्बकरला सुमारे १.६, नेकच्या पिकअपला सुमारे २.४ मिलिमीटर. फार जवळ आणला तर चुंबक तार ओढतो आणि जाड तारेचे वरचे सूर डगमगतात.

प्रश्न : व्हॉल्यूम कमी केला की चमकही जाते. — एक वाचक, नांदेड

उत्तर : पॉटच्या, सिग्नल आत येतो त्या आणि मधल्या टोकांमध्ये ०.००१ मायक्रोफॅरडचा (१०२) कंडेन्सर आणि १५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा. केबलही पाहा. दर मीटरला १०० पिकोफॅरड धरले तर १० मीटर केबल पिकअपचा आवाज जिथे सर्वांत जास्त चमकतो ती जागा जवळजवळ ५००० हर्ट्झवरून ३००० वर आणते. घरी ३ मीटर पुरे.

प्रश्न : मंडपात गाताना माइकला ओठ लागला की झटका बसतो. गिटारचं वायरिंग दोषी आहे का? — एक वाचक, बीड

उत्तर : बहुधा नाही, पण हा झटका जीव घेऊ शकतो. लगेच वाजवणं थांबवा. गिटारच्या तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्प आणि मिक्सर यांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की तुमचा हात एका टोकाला आणि ओठ दुसऱ्या टोकाला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती भेगाळून अर्थच्या पट्टीपासून सुटते, अर्थिंग नावालाच उरतं. कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं, ते इथल्या मंडपवाल्याला विचारा. अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच तीन पिनच्या बोर्डवर घ्या. हम घालवायला अर्थची पिन तोडण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती कदापि नको. बोर्डाला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. गाण्याआधी मीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियन येऊन दोष काढेपर्यंत गिटार हातात घेऊ नका.