टेगर्नझेची गाडी बायरिशत्सेलला? बाई, मीही गेलेय

मुलं, डबे, छत्र्या घेऊन म्युनिकहून टेगर्नझेच्या गाडीत बसलात आणि भलत्याच गावाला, बायरिशत्सेलला उतरलात, हे तुम्ही लिहिलेलं वाचून आधी हसू आलं. मग माझी हुकलेली खोली आठवली.

आपल्याला कल्याणची सवय. कर्जतची गाडी कर्जतला जाते, कसाऱ्याची कसाऱ्याला. इथे जर्मनीत म्युनिकहून एकच लांब गाडी निघते आणि होल्त्सकिर्शनला फुटते. एक तुकडा बायरिशत्सेलला जातो. उरलेली गाडी शाफ्टलाखला पुन्हा फुटते, एक तुकडा लेंगग्रीसला, दुसरा टेगर्नझेला. म्हणजे गाडी बरोबर असून डबा चुकतो.

मला लेंगग्रीसच्या फाट्यावरच्या बाड ट्योल्त्सला भाड्याची खोली बघायला जायचं होतं. गाडी सुटता सुटता समोरच्या दारातून चढले, म्हटलं आतून चालत जाऊ पुढे. हीच घोडचूक! त्या डिझेल गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, पण मधून वाट नसते. शेवटच्या काचेला नाक लावून मी पलीकडच्या, म्हणजे माझ्या गाडीतली माणसं बघत उभी. होल्त्सकिर्शनला उतरून फलाटावरून पळायचं असतं, हे कळलं तेव्हा बायरिशत्सेलच्या फाट्यावरचं मीसबाख आलं होतं. परतून ट्योल्त्स गाठेपर्यंत दोन तास गेले. घरमालकीणबाईंनी खोली दुसरीला देऊन टाकली होती.

मग रेल्वेच्या एका खिडकीवर तक्रार नेली. तिथल्या माणसाने मान वर न करता फॉर्म सरकवला. तीन आठवड्यांनी छापील उत्तर आलं: गाडी वेळेवर होती. अहो, उशीर मला झाला होता, गाडीला नाही! तेव्हा तिथे वेळ घालवू नका, असं माझं मत. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

फलाटावरच्या पाटीवर विसंबू नका, चढताना डब्यावरचं नाव वाचा. घोषणेत ‘त्सुगटाइल’ ऐकू आलं की कान टवकारा, गाडीचा भाग असा अर्थ.

तिकिटाचं म्हणाल तर डॉइचलँड-टिकीट, म्हणजे देशभरच्या स्थानिक गाड्यांचा महिन्याचा पास, असेल तर फाटा चुकला तरी दंडाची भीती नाही. २०२३ मध्ये ४९ युरोंना होतं, २०२६ पासून ६३. साधं तिकीट असेल तर सगळं तपासनिसाच्या मर्जीवर. माझ्या वाट्याला भला माणूस आला.

आणि कधी मुद्दाम बायरिशत्सेलला गेलात, तर श्लीअरझेला गाडी उलट्या दिशेने निघते. घाबरून उतरू नका, ती तिथे तशीच जाते.